एकनाथ बोरकुटे आणि प्रश्नचिन्हांची ओळ

अमेरिकेतल्या शॉमबर्गमधल्या एका विमा कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर, प्रिंटरच्या शेजारी, एकनाथ बोरकुटे गेली एकोणीस वर्षं बसतो. या काळात तीन खुर्च्या बदलल्या, दोन प्रिंटर गेले, पण एकनाथ हलला नाही. ऑफिसात त्याला 'एक' म्हणतात. पूर्ण नाव घेताना अमेरिकन मंडळींची जीभ अडायची, आणि ती अडू नये म्हणून त्याने पहिल्याच आठवड्यात नावाचा उत्तरार्ध सोडून दिला. मागून घेणं, भांडून घेणं, आठवण करून देणं ही कामं त्याला जमत नाहीत. लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट त्याला वगळून पुढे गेलं तर तो हाक मारणार नाही. पण ते ताट कोण वाढत होतं, हे मात्र आयुष्यभर विसरणार नाही.

त्याच्याकडे कंपनीचा ॲप्लिकेशन सर्व्हर आहे. हे प्रकरण काय असतं, असं नागपूरला सासऱ्यांनी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं होतं, "एक इमारत समजा. तिच्यात वेबवर चालणारी एकेचाळीस ॲप्लिकेशन्स बिऱ्हाड करून राहतात. पाणी, वीज, जिना इमारतीचा. मी तिथला वॉचमन." सासऱ्यांनी मुलीकडे पाहिलं होतं. वॉचमनच्या कामासाठी अमेरिकेपर्यंत जावं लागतं, हे त्यांना नवीन होतं.

या एकेचाळीस बिऱ्हाडांतली निम्मी एकनाथने स्वतः लिहिलेली. प्रोग्राम लिहिताना काही प्रसंग असे गृहीत धरावे लागतात, की ते कधीच येणार नाहीत अशी लिहिणाऱ्याची खात्री असते. तरी आलेच, तर सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या रोजनिशीत, एक ओळ उमटावी, अशी सोय करून ठेवतात. एकनाथ या ओळी मराठीत लिहायचा. पहिली गंमत म्हणून लिहिली: 'डेटाबेस जेवायला गेलाय.' जुन्या सर्व्हरला देवनागरीचा गंध नव्हता, त्याने लॉगमध्ये अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं छापली. एकनाथला हे फारच आवडलं. मनातलं बोलायचं, चारचौघांत बोलायचं, आणि तरी कोणाला कळू नये, अशी जागा त्याला आयुष्यात पहिल्यांदा सापडली होती. मग त्याने 'ही अट ज्याने लिहिली त्याचं देव भलं करो. मीच लिहिली' असं लिहिलं. 'आता फक्त मारुतीच वाचवेल' असंही लिहिलं. असं करता करता एकतीस ओळी झाल्या.

सपोर्टच्या लोकांसाठी एक छापील पुस्तिका आहे. तिच्या चौदाव्या पानावर सूचना आहे, की लॉगमध्ये प्रश्नचिन्हांची ओळ दिसल्यास 'एक' यांना फोन करावा. कंपनीत दोनदा माणसं कमी झाली, तेव्हा एकनाथ या चौदाव्या पानामुळे वाचला असं लोक म्हणतात.

एकतीसपैकी तीस ओळी निरुपद्रवी होत्या. एकतिसावी शंतनूवर होती.

शंतनू रिसबूड पुण्याचा. दोघं एकाच कंत्राटी कंपनीकडून, एकाच विमानाने आले. बायका येईपर्यंतचे आठ महिने एका अपार्टमेंटमध्ये राहिले. तिथे पोळ्या एकनाथ करायचा आणि त्या किती मऊ झाल्यात हे शंतनू सगळ्यांना सांगायचा. कामाची ही वाटणी पुढे ऑफिसातही टिकली. दोन हजार दहा साली एकनाथने अकरा महिने खपून विम्याचे दावे तपासणारं ॲप्लिकेशन बनवलं. ते वरच्या साहेबांना दाखवायचा दिवस ठरला आणि नागपूरहून फोन आला, की वडिलांचं काही खरं नाही. एकनाथ गेला. ॲप्लिकेशन शंतनूने दाखवलं. जो दाखवतो त्यानेच केलं असणार, असं साहेबांनी ठरवून टाकलं, आणि शंतनूने त्यांना त्या समजुतीतून बाहेर काढलं नाही. त्याला वर्षाचं बक्षीस मिळालं, मग मॅनेजरची खोली, आणि आता तो डायरेक्टर आहे.

वडिलांचे दिवस करून, डोक्याचा गोटा घेऊन एकनाथ परतला तेव्हा विमानतळावर शंतनूच न्यायला आला होता. गाडीत तो पूर्णवेळ वडिलांबद्दल बोलला. ॲप्लिकेशनबद्दल फक्त "छान झालं रे" एवढंच. एकनाथने पुढच्या वाक्याची वाट पाहिली. वाट पाहणं त्याला उत्तम येतं. आठवडाभर पाहून त्याने दाव्यांचं ॲप्लिकेशन उघडलं आणि ते दर वेळी सुरू होताना छापली जाईल अशा जागी एकतिसावी ओळ लिहिली: 'हे सगळं एकनाथने केलं. शंतनूने फक्त स्लाइड दाखवल्या.'

सोळा वर्षं दर वेळी ॲप्लिकेशन सुरू झालं, की लॉगमध्ये प्रश्नचिन्हांची ती लांबलचक ओळ उमटायची, सपोर्टचा फोन यायचा आणि 'ती असू दे' म्हणताना एकनाथला बरं वाटायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती ही.

बाकी दोन्ही घरांत काही उणं नव्हतं. एकनाथची बायको रत्ना हिच्या ऑपरेशनच्या वेळी शंतनूची बायको शैला तीन दिवस दवाखान्यात बसून होती. शंतनूची गाडी बर्फात रुतली की पहिला फोन एकनाथला यायचा. दुपारचे डबे दोघं एकत्र खायचे. या देशात एकनाथला 'काका' म्हणणारे पुष्कळ होते, 'एक' म्हणणारे त्याहून पुष्कळ. 'अरे' म्हणणारा माणूस शंतनू हा एकच होता.

आणि मग कंपनीने सर्व्हर बदलायचा ठरवला.

कारण सरळ होतं. जुनी आवृत्ती बनवणाऱ्यांनी आता तिच्या दुरुस्त्या बंद केल्या होत्या. एकेचाळीस ॲप्लिकेशन्स नव्या आवृत्तीवर हलवायची आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी सगळ्यांना खुली करायची, असं ठरलं. काम किचकट होतं, कारण नव्या आवृत्तीत आतल्या बऱ्याच गोष्टींची नावंच बदललेली. रस्त्याचं नाव बदललं की घर जागचं हलत नाही, पण प्रत्येक कागदावरचा पत्ता बदलावा लागतो. इथे असे कागद दोन हजार तीनशे होते. त्यासाठी एकनाथच्या मदतीला इला दिली.

इला सव्वीस वर्षांची, जन्म इथल्याच नेपरव्हिलचा, आईवडील नाशिकचे. दहाव्या वर्षापर्यंत ती रविवारच्या मराठी शाळेत जायची, मग सॉकर सुरू झालं. तिच्यापुढे एक वेगळाच पेच होता. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ती एकनाथला 'काका' म्हणायची. ऑफिसात 'काका' म्हणणं बरं दिसेना, 'एक' म्हणायला तोंड उघडेना. म्हणून ती ऑफिसात त्याला काहीच म्हणायची नाही. काम असेल तर त्याच्या टेबलापाशी येऊन घसा खाकरायची.

तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी पहिली वीस ॲप्लिकेशन्स चाचणीसाठी नव्या सर्व्हरवर चढली. दहा मिनिटांनी इला घसा न खाकरताच ओरडली, "ओ माय गॉड! काका! धिस इज मराठी!"

नव्या सर्व्हरला जगातल्या सगळ्या लिप्या येत होत्या. इलाच्या पडद्यावर, लॉगच्या मधोमध, स्वच्छ टपोऱ्या देवनागरीत ओळ उभी होती. इलाने बोट लावून वाचली. "डे-टा-बे-स... जे-वा-य-ला... गे-ला-य." मग ती इतकी हसली, की प्रिंटरपाशी आलेली माणसं थांबली. तिने अर्थ सांगितला. तेही हसले. दुपारपर्यंत मजला हसत होता. पंधरा वर्षं जिला सगळे भीत होते, त्या प्रश्नचिन्हांच्या ओळीत हे होतं! सपोर्टच्या प्रमुखाने चौदाव्या पानाला चौकट करून भिंतीवर लावायची ठरवली. एकनाथच्या पाठीवर त्या दिवशी जेवढ्या थापा पडल्या, तेवढ्या आधीच्या एकोणीस वर्षांत मिळून पडल्या नव्हत्या.

एकनाथ हसत होता. हसता हसता तो दिवस मोजत होता. दाव्यांचं ॲप्लिकेशन अजून चढायचं होतं, बुधवारी. आणि शुक्रवारी दुपारी दोन वाजता वरच्या मोठ्या बाईंना सगळं सुरू करून दाखवायचं होतं, भिंतीएवढ्या पडद्यावर. दाखवणार होता शंतनू.

ओळ काढून टाकायची, एवढंच तर होतं. पण शेवटच्या आठवड्यात कोडमध्ये एक स्वल्पविराम बदलायचा तरी अर्ज करावा लागे. अर्जासोबत आधीचा मजकूर लाल रंगात आणि नंतरचा हिरव्या रंगात आपोआप जोडला जाई. आणि त्याला मंजुरी डायरेक्टरची. म्हणजे शंतनूबद्दल लिहिलेलं शंतनूच्या नजरेआड करायला ते आधी शंतनूला वाचायला द्यायचं, तेही लाल रंगात.

एकनाथने आयुष्यात पहिल्यांदा लबाडी केली. इलाच्या दोन हजार तीनशे फाइल्सचा गठ्ठा मंगळवारी मंजुरीला जायचा होता. त्याने आपली एक ओळ हळूच त्यात सरकवून दिली. एवढ्या गठ्ठ्यात कोण बघतंय? पण लबाडी करायलाही सराव लागतो. इलाने एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवला होता. जिथे नावाखेरीज दुसरं काही बदललं असेल, तेवढंच तो वेचून सगळ्यात वर आणून ठेवायचा. दोन हजार तीनशे फाइल्समधून त्याने एकच ओळ वेचली.

इला टेबलापाशी आली. आता तिला 'काका' म्हणायची सवय झाली होती. "काका, सगळे चेंजेस रिनेम आहेत. फक्त हा एक नाहीये. तो तुमचा आहे."

"असेल."

"इट नीड्स इट्स ओन रिक्वेस्ट. विथ अ रीझन. सॉरी."

मग तिने त्या लाल ओळीकडे पाहिलं. तिचे ओठ अक्षरांवरून हलू लागले. 'एकनाथने'पर्यंत गेले, पूर्णविरामावरून पुढे सरकले आणि पुढच्या शब्दावर थांबले. एकनाथ प्रिंटरकडे बघत राहिला.

"मला हे वाचता येत नाहीये," इला म्हणाली. "खूप जोडाक्षरं आहेत."

सोमवारी तिने याहून कठीण ओळी वाचल्या होत्या. एकनाथने तिला थँक यू म्हटलं आणि अर्ज उघडला. काय बदलायचं आहे? जुना मजकूर काढणे. का? आता लागू नाही. कोणावर परिणाम होईल? यादीत सर्व ग्राहक, कर्मचारी आणि कोणीही नाही असे तीन पर्याय होते. एकनाथने बराच वेळ विचार करून 'कोणीही नाही' निवडलं. मंगळवारी दुपारी साडेतीनला अर्ज शंतनूकडे गेला.

संध्याकाळी त्याने रत्नाला सांगितलं. रत्ना मेथी निवडत होती. ती निवडतच राहिली.

"राग त्यांच्यावर होता तर त्यांना सांगायचा," ती म्हणाली. "मशीनला काय सांगत बसलात?"

"मशीन कोणाला सांगत नव्हतं."

"आणि मला सोळा वर्षं कोण सांगत होतं? दर दिवाळीला, त्यांच्याकडून फराळ करून परत येताना, गाडीत! आता त्यांनाही एकदा ऐकू दे." मग तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "शैलाने रविवारी जेवायला बोलावलंय. पुरणपोळ्या मी नेणार आहे. तेवढं मला शनिवारपर्यंत कळवा. डाळ भिजत घालायची की नाही."

बुधवारी उत्तर आलं नाही, आणि ते येईपर्यंत दाव्यांचं ॲप्लिकेशनही चढायचं खोळंबलं. शंतनू डबा खायला आला नाही. मीटिंग होती म्हणे. गुरुवारीही आला नाही. त्या दिवशी तो दोनदा एकनाथच्या टेबलासमोरून गेला, दोन्ही वेळा फोन कानाला, आणि दोन्ही वेळा मान दुसरीकडे. एकनाथने एकट्याने पोळी-भाजी खाल्ली. त्याला भीती वाटत होती. नोकरीची नाही. नोकरी गेली असती तर त्याने निमूटपणे खोकं भरलं असतं. चोपन्नाव्या वर्षी आता 'अरे' म्हणणारा माणूस कुठून आणायचा, ही भीती होती. जाऊन सांगावं, की ती गंमत होती. पण ती गंमत नव्हती, आणि हे शंतनूइतकं कोणालाच माहीत नव्हतं. शिवाय ओळीतला शब्दन् शब्द खरा होता. खरं असूनही चोरासारखं बसावं लागतंय, याचा त्याला वेगळा राग आला. मग त्या रागाचाही कंटाळा आला.

शुक्रवारी सकाळी दहा चाळीसला पडद्याच्या कोपऱ्यात अर्जाचं उत्तर आलं.

नामंजूर.

खाली कारणाचा रकाना होता. एरवी शंतनू त्यात एखादा इंग्रजी शब्द टाकायचा. आज मराठीत लिहिलं होतं, तहसील कचेरीच्या थाटात:

'मजकुरात चूक आहे. स्लाइडसुद्धा एकनाथनेच केल्या होत्या. दुरुस्त करून पुन्हा पाठवणे.'

एकनाथने ते तीनदा वाचलं. कोणत्या स्लाइड? त्याला खरोखर काही आठवेना. आणि मग आठवलं. नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्याचा कॉरिडॉर, प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर लॅपटॉप. आत वडील. त्याने दोन दिवस तिथे बसून बावीस स्लाइड केल्या होत्या आणि शंतनूला ईमेलने पाठवल्या होत्या. पाठवल्या त्याच संध्याकाळी वडील गेले. त्या तीन दिवसांतलं दुसरं सगळं त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. स्वतःचं येणं सोळा वर्षं घोकलं, पण त्यातली सर्वांत मोठी रक्कम तो लिहायलाच विसरला होता. ती शंतनूने जपून ठेवली होती. एवढी वर्षं, एकट्याने, कोणाला न सांगता.

एकनाथ प्रिंटरच्या शेजारी बसून रडला. आवाज केला नाही. कोणीतरी वीस पानं छापायला पाठवली होती, ती संपेपर्यंत त्याने डोळे पुसले.

मग त्याने ओळ दुरुस्त केली: 'हे सगळं एकनाथने केलं. स्लाइडसुद्धा त्यानेच केल्या. शंतनूने त्या दाखवल्या.' एवढं लिहून तो थांबला. आणखी एक वाक्य राहिलं होतं, तेही खरंच होतं, आणि तेही त्याने सोळा वर्षांत कधी लिहिलं नव्हतं. ते त्याने जोडलं: 'त्या दिवशी एकनाथ वडिलांजवळ होता, कोणीतरी दाखवायला हवंच होतं.'

दोन मिनिटांत मंजुरी आली. शेरा नव्हता.

दुपारी दोन वाजता मोठ्या खोलीत पंधरा माणसं जमली. वरच्या बाई पुढच्या रांगेत. एकनाथ भिंतीला टेकून मागे उभा होता, इला लॅपटॉपवर. शंतनू पडद्याशेजारी. एकेक ॲप्लिकेशन सुरू होऊ लागलं, बाई मान डोलावू लागल्या. एकेचाळिसावं दाव्यांचं. इलाने कळ दाबली आणि हातभर लांबीची देवनागरी ओळ पडद्यावर आली.

बाई चष्मा सावरत म्हणाल्या, "व्हॉट डझ दॅट वन से?"

खोलीत हशा तयारच होता. डेटाबेस जेवायला गेल्याची गोष्ट सगळ्यांनी ऐकली होती. इलाने मान वर केली नाही.

शंतनूने ओळीकडे पाहिलं. मग तो पडद्याकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याने ती इंग्रजीत सांगितली, सावकाश. हे ॲप्लिकेशन एकनाथने बनवलं. पूर्ण नाव घेतलं, एकनाथ बोरकुटे. दोन हजार दहा साली मी जे कंपनीसमोर सादर केलं, ते सगळं त्याचं होतं. स्लाइडसुद्धा त्याच्याच होत्या. मी फक्त उभा राहून त्या दाखवल्या, आणि त्या कोणाच्या हे सांगितलं नाही.

शेवटचं ओळीत नव्हतं. आणि ओळीच्या शेवटी जे होतं, वडिलांचं, कोणीतरी दाखवायला हवंच होतं ते, शंतनूने वाचलंच नाही. एकनाथने दिलेली सबब त्याने घेतली नाही.

कोणी हसलं नाही. पंधरा माणसांनी वळून भिंतीकडे पाहिलं. एकनाथला हात कुठे ठेवावेत कळेना, त्याने ते मागे बांधले.

बाईंनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग विचारलं, "ॲप्लिकेशन चालतंय ना?"

"चालतंय," एकनाथ म्हणाला. त्या खोलीत तो पहिल्यांदाच बोलला होता.